पहिला तुकडा रुसलेल्याला

समरजितनं पहाडातल्या मंडी शहरातून धाडलेला पीचचा खोका रविवारी सकाळी दहाला बडोद्याच्या कारेलीबागेत पोचला आणि साडेदहापर्यंत शिर्क्यांच्या घरात त्या फळाविषयी मत नसलेलं एकही माणूस उरलं नाही. माणसं तशी तीनच होती. पण या घरात मतांची टंचाई कधीच पडली नाही.

"दगड आहेत नुसते," कांचन म्हणाली. तिनं एक पीच दाबून पाहिला, नाकाशी धरला, पुन्हा दाबला. "वास छान आहे हो. पण दात लागतोय का कुणाला? चिरंजीवांना बोगदे खणायला पाठवलंय, फळं निवडायला नाही."

"ते म्हणाले चार दिवस कागदात ठेवा, पिकतील," मिताली म्हणाली. लग्नाला दीड वर्ष झालं तरी ही सून नवऱ्याच्या वतीनं अजून हिरिरीनं भांडायची. कांचनला ते आवडायचं, पण तिनं तसं कधी सांगितलं नव्हतं.

"चार दिवसांनी काय करायचेत? पाहुणी आज यायचीय."

मितालीनं एक फोड कापून तोंडात टाकली आणि तिचा एक डोळा आपोआप मिटला. "बाप रे! पण आई, भाजून पाहायचे? कोळशावर. यांच्या साइटवर शेकोटीत भाजतात म्हणे. आंबटपणा निघून जातो, आत जॅमसारखं होतं. मला कधीची उत्सुकता आहे."

कांचनचा हात खोक्यावरच थांबला. कोळशाची गोष्ट सात वर्षांत या घरात कुणी काढली नव्हती. गच्चीवर ताडपत्रीखाली सिगडी होती, पण तिच्याकडे कुणी वळून बघत नसे. कपडे वाळत घालतानासुद्धा कांचन दुसऱ्या कोपऱ्यातून जायची.

त्याला कारण होतं. बडोदा सरकारच्या घोडदळात दफेदार असलेल्या श्रीपतरावांपासून शिर्क्यांकडे एक रीत होती. मटण भाजायचं ते गच्चीवर, सिगडीवर, आणि घरातल्या थोरल्या पुरुषानं. बायकांनी मसाला लावून द्यायचा आणि खाली यायचं. भाजलेला पहिला तुकडा मात्र पाहुण्याला जायचा नाही, की जावयालाही नाही. तो घरात ज्याच्याशी अबोला असेल त्याला. थोरल्यानं ताटली पुढे करायची, समोरच्यानं तुकडा खायचा, भांडण मिटलं. कुणाचं चुकलं, का चुकलं, हे विचारायचं नाही. आणि एकदा परत आलेला तुकडा त्या माणसाला पुन्हा द्यायचा नाही. चार पिढ्यांत असा तुकडा एकदाच परत आला होता.

तो परत केला होता वसुंधरानं, कांचनच्या नवऱ्याच्या, म्हणजे जयसिंगरावांच्या धाकट्या बहिणीनं. बायपासनंतर जयसिंगराव घरी आले तेव्हा बहिणीवर चिडलेले होते, कारण त्यांच्या विड्यांचा हिशेब तिनं डॉक्टरांना सांगून टाकला होता. दोन महिन्यांनी अंगात जोर आल्यावर त्यांनी स्वतःच सिगडी पेटवली, स्वतःच पहिला तुकडा तिच्यापुढे धरला. वसुंधरा "नको, दादा" म्हणाली आणि तिनं ताटली कठड्यावर ठेवली. त्यानंतर तिच्या सासरचं सुभानपुरा आणि हे कारेलीबाग यांमधलं अंतर कुणी ओलांडलं नाही.

आणि आज ती येणार होती. तिच्या योगिनीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. पहिली पत्रिका मामाला द्यायची असते, म्हणून यायचं होतं. मुलीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं, म्हणून यावंच लागणार होतं.

"मिताली, इकडे ये," कांचन म्हणाली आणि तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं. "कुणाला बोलायचं नाही. वसूताई मटण खात नाही."

"म्हणजे?"

"गेल्या वर्षी प्रतापनगरच्या लग्नात मी पाहिलं. शाकाहारी रांगेत उभी होती, डाळ-भातावर जेवली. विचारलं, कधीपासून? तर म्हणाली, झाली बरीच वर्षं, वहिनी. पुढे काही सांगेना."

"पण मग त्या दिवशी..." मितालीचे डोळे मोठे झाले. "बाबांना माहीत नाही? तुम्ही सांगितलं नाहीत?"

"तिचं नाव काढलं की हे ताटावरून उठतात. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळेला उपाशी झोपले. मी त्यांच्या साखरेच्या गोळ्या सांभाळू की भावाबहिणीचं सांभाळू?" कांचनला एकदम भरून आलं. तिनं पदरानं पीच पुसायला घेतला. "म्हणून तू भाजायचं म्हणालीस तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मटण ती घेणार नाही. पण हे घेईल की नाही?"

"घेतीलच," मिताली म्हणाली. "पण बाबा देतील?"

कांचननं खोक्यातून त्यातल्या त्यात बरे पीच वेगळे काढायला घेतले.

*

नंदूभाऊ बाराला आले ते पिशवी घेऊनच. धाकटे दीर, वय चौपन्न, कपड्यांची हौस मात्र पंचविशीतली. पिशवीत नवा जोधपुरी कोट होता.

"वहिनी, बघा तर. मखमल नाही हं, उन्हाळ्याचं कापड आहे. फिटिंग एकदम फर्स्ट क्लास."

"अजून कुणी म्हटलंय का तुम्हाला, मामा म्हणून उभं राहा?"

"म्हणायला कशाला पाहिजे? दादा येणार नाही, मग मीच ना? योगिनीला बोहल्यावर एकटी थोडीच चालवत आणणार?" नंदूभाऊंनी कोट खुर्चीवर पसरला. त्यात कपट काही नव्हतं. थोरला भाऊ असताना त्यांना कधी कुठला मान मिळाला नव्हता आणि हा पहिलाच दारात आला होता. त्यांना तो हवा होता, आणि हवा आहे हे लपवायची अक्कल त्यांना नव्हती.

पीच भाजायची गोष्ट ऐकून मात्र ते उभेच राहिले. "श्रीपतरावांच्या सिगडीवर फळ? वहिनी, काहीतरीच काय! आणि परत आलेला तुकडा पुन्हा देत नाहीत. रीत म्हणजे रीत."

"रीत मटणाची आहे," मिताली म्हणाली. "पीचविषयी श्रीपतरावांनी काही सांगून ठेवलंय का, काका?"

हा मुद्दा खरोखरच कुणाच्या लक्षात आला नव्हता.

*

जयसिंगरावांना फसवायची गरज पडली नाही. कांचननं त्यांच्यासमोर पीच ठेवला आणि एवढंच म्हणाली, "मितालीला हे कोळशावर भाजायचंय. तिला कोळसा पेटवता येत नाही. हात भाजून घेईल पोरगी."

ते पेपरमधून वर बघेनात. चाळीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात काढलेला माणूस. तापलेल्या लोखंडाचा रंग बघून ते किती तापलंय हे सांगायचे. "फळ भाजत नाहीत," ते म्हणाले.

"वांगं भाजतो की."

"वांग्यात साखर असते का? ह्याच्यात साखर आहे. साखर जाळ धरते. वरून काळं होईल, आत तसंच राहील." त्यांनी पेपर खाली ठेवला. पीच हातात घेतला, तळहातावर तोलला. "आत बी मोठी आहे का?"

"अक्रोडाएवढी," मिताली म्हणाली.

"मग मधोमध कापून बी काढावी लागेल. कापलेली बाजू खाली." ते उठले. "पण चिकटेल. नक्की चिकटेल."

कांचननं मितालीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघी हसल्या असत्या.

चार वाजता ताडपत्री निघाली. सात वर्षांची धूळ झटकताना जयसिंगराव दोनदा शिंकले. बाभळीचा कोळसा त्यांनी स्वतः रचला. खालून पेटवला, पुठ्ठ्यानं वारा घातला आणि निखाऱ्यांवर राख धरेपर्यंत कुणाला जवळ येऊ दिलं नाही. मग त्यांनी भिंतीला टेकवलेल्या जुन्या जाळीकडे हात नेला.

"ती नको," कांचन घाईनं म्हणाली. "ओव्हनची नवी जाळी आणलीय."

"का? हिला काय झालंय?"

"पन्नास वर्षांचं मटण आहे तिच्यावर. फळाला वास लागेल."

ते खरं होतं, म्हणून त्यांनी मान डोलावली. पण नवी जाळी निखाऱ्यांवर ठेवताना जयसिंगरावांच्या डोक्यात काहीतरी अडकलं. चिमटाही वेगळा दिलेला होता. ताटली स्टीलची, नवी. इतका सोवळेपणा या घरात कुणी, कधी पाळला होता?

पहिला पीच चिकटला, त्याचा अर्धा गर जाळीवर आणि अर्धा निखाऱ्यात. दुसरा काळा झाला. नंदूभाऊ म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" जयसिंगराव खाली वाकून जाळीकडे बघत होते.

"जाळी थंड होती, म्हणून चिकटला," ते स्वतःशीच बोलले. "आधी जाळी तापू दे. फळाला तूप लाव, जाळीला नको. आणि एकदा ठेवला की हलवायचा नाही. झाला की आपणहून सुटेल."

"आपणहून?" मिताली उकिडवी बसली. "कसं कळणार, बाबा?"

"थांबायचं. दर थोड्या वेळानं चिमट्यानं टेकवून बघायचं. ओढायचं नाही."

तिसरा सुटला. त्यांनी तो उलटवून ठेवला. कापलेल्या बाजूवर जाळीच्या तपकिरी रेघा उमटल्या होत्या, बी काढलेल्या खळग्यात रस उकळत होता. वास असा सुटला की शेजारच्या गच्चीवरून पटेलबेननी मान वर केली. "शुं बनावो छो, भाई?"

"पीच!" जयसिंगराव ओरडले. त्यांचा आवाज इतका मोठा आणि खुशीतला होता की जिन्याकडे निघालेली कांचन मागे वळली. सिगडीपाशी हा आवाज तिनं सात वर्षांत ऐकला नव्हता.

मितालीनं चाखायला म्हणून एक फोड फुंकून तोंडात टाकली. "आंबटपणा गेला! म्हणजे आहे, पण मागे गेलाय. बाबा, धुराची चव लागतेय. खाऊन बघा ना."

त्यांनी मान हलवली. थोरल्यानं आधी खायचं नसतं. आणि तेव्हाच, ताटली हातात असताना, त्यांच्या डोक्यातलं अडकलेलं सुटलं. नवी जाळी. नवा चिमटा. मटण नाही, फळ. आज संध्याकाळी कोण येणार आहे ते सकाळपासून त्यांना माहीत होतं. पत्रिका ठेवून जाईल, येऊ दे, एवढंच ते म्हणाले होते.

"कांचन," ते हळूच म्हणाले, "ती खात नाही का?"

कांचननं बायकोच्या नात्यानं खोटं बोलायचं ठरवलं आणि ते तिला जमलं नाही. "नाही खात," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"मला नाही माहीत. तुम्हीच विचारा."

"विचारत नाहीत," जयसिंगराव म्हणाले आणि त्यांनी पुढचे चार पीच जाळीवर ठेवले.

*

वसुंधरा रिक्षातून सोसायटीच्या फाटकाशी उतरली तेव्हा सहा वाजत आले होते. जयवंतराव सोबत येतो म्हणत होते. तिनं नको म्हटलं होतं. नवरा बरोबर असला की ती रडते आणि आज तिला रडायचं नव्हतं. पत्रिका, अक्षता, नारळ. दिलं की निघायचं. दादा बोलला नाही तर नंदू उभा राहील. योगिनीनं कबूल केलं होतं, पण कबूल करताना मान खाली घातली होती.

सात वर्षांपूर्वी आषाढात दादाला व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. सोमवारी डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या. वहिनी बाकावर बसून भिंतीकडे बघत होती. वसुंधरा खाली आली, दवाखान्याच्या आवारातल्या देवीच्या छोट्या देवळापुढे उभी राहिली आणि तिनं बाधा घेतली. नवसाला बडोद्यात सगळेच बाधा म्हणतात. शिर्क्यांच्या मुलीला मटणापेक्षा प्रिय काय असणार? तेच सोडलं. दादा जगला. आणि आई सांगायची, बाधा तोंडानं बोलून दाखवली की तिचा गुण जातो.

त्या दिवशी गच्चीवर त्यानं ताटली पुढे धरली तेव्हा तिनं नको म्हटलं, कारण दुसरं काही म्हणता येत नव्हतं. तो विचारेल, असं तिला वाटलं होतं. का नको, एवढं तरी. त्यानं विचारलंच नाही, आणि रीत ती हीच, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं. मग राग तिलाही आला होता. ज्याच्यासाठी जीव टाकला त्याला साधा एक प्रश्न सुचू नये?

जिन्यात वास आला आणि ती थबकली. कोळसा होता, पण मटण नव्हतं. काहीतरी गोड होतं, ओळखीचं नसलेलं.

"काय भाजताय, वहिनी?"

"वर चला, वसूताई," कांचन म्हणाली आणि तिनं तिचा हात घट्ट धरला. "तुम्हीच बघा."

*

गच्चीवर पाच माणसं जमली. वसुंधरानं पत्रिका आणि नारळ पाटावर ठेवला, अक्षता ठेवल्या. वाकून नमस्कार केला. जयसिंगरावांनी तिच्या केसांकडे पाहिलं. ते बहुतेक पांढरे झाले होते. मधली सात वर्षं आपण पाहिलीच नाहीत, हे त्यांना तेव्हा कळलं.

"चौदा जूनचं आहे, दादा," ती म्हणाली. "सकाळचा मुहूर्त."

त्यांनी मान डोलावली. चिमट्यानं एक पीच हलकेच टेकवून पाहिला. तो सुटला होता. त्यांनी तो ताटलीत घेतला आणि ताटली हातातच धरून उभे राहिले. पुढे केली नाही.

नंदूभाऊ कठड्याला टेकून उभे होते. परत आलेला तुकडा पुन्हा देत नाहीत, हे दुपारी त्यांनीच सांगितलं होतं, आणि दादा रीत मोडणारा माणूस नव्हता. म्हणजे कोट आपलाच. पण दादा ताटली पुढेही करत नव्हता आणि खालीही ठेवत नव्हता. असा अडलेला दादा नंदूभाऊंनी कधी पाहिला नव्हता, आणि आपल्याला कोटाचं काही वाटत नाहीये, हे बघून ते स्वतःच चकित झाले.

"दादा, दे ना," ते म्हणाले. "मिताली म्हणते ते बरोबर आहे. पीचला रीत नाही."

"देतो," जयसिंगराव म्हणाले. "पण आधी विचारणार आहे."

या सिगडीपाशी आजवर कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं.

"वसू, त्या दिवशी का नाही घेतलास?"

सात वर्षं तिनं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो समोर होता आणि उत्तर देता येत नव्हतं. "सांगता येत नाही, दादा. खरंच नाही. राग म्हणून परत केला नव्हता, एवढं सांगते."

"मटण सोडलंस?"

"हो."

"कधीपासून?"

तिनं कांचनकडे बघितलं, मग निखाऱ्यांकडे. तारीख सांगणं म्हणजे बाधा सांगणं नव्हे, असं तिनं मनाला समजावलं. "आषाढापासून. तो सोमवार होता."

"कुठला सोमवार?" मितालीनं विचारलं. ती तेव्हा या घरात नव्हती. कांचननं तोंडावर पदर धरला, नंदूभाऊंनी मान फिरवली, आणि मग मितालीलाही कळलं.

जयसिंगराव हिशेब करत होते. सोमवारी आपण शुद्धीवर नव्हतो. मंगळवारी डोळे उघडले तेव्हा काचेपलीकडे वसू उभी होती आणि शुक्रवारी आपण तिला विड्यांवरून शिव्या दिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. दोन्ही हात ताटलीला लागले होते.

"किती दिवसांची बाधा घेतलीस?"

"विचारू नकोस ना रे, दादा."

"बरं. नाही विचारत. मीच सांगतो, तू बोलू नकोस." ते सिगडीला वळसा घालून तिच्यासमोर आले. "मी आहे तोवर तू मटण खाणार नाहीस."

वसुंधरा काही बोलली नाही. तिला बोलायचंच नव्हतं. पण तिचा चेहरा लहानपणापासून काही लपवू शकत नसे, आणि तिच्या भावाला तो वाचता येत होता.

"मग आता पुष्कळ वर्षं खायची नाहीस," जयसिंगराव म्हणाले आणि त्यांनी ताटली पुढे केली.